बा आल्यावर खोलायची बाटली

वडशाच्या फलाटावरून गाडी हलली, तसा बानं धोतराच्या सोग्यातून एक बाटली काढली आणि खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली. मोहाच्या दारूची. तोंडात दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडाचं बूच ठासलेलं. "मी येतो पुण्याले, मंग दोघं खोलू," तो सोबत पळत म्हणाला. "तोपर्यंत हात नोको लावजो." समोरच्या बाईंना मी ते खोकल्याचं औषध असल्याचं सांगितलं. त्यांनी वास घेतला आणि लेकराला पलीकडच्या बाकावर बसवलं.

आमच्या जंगलातल्या गावात बाटली घरातला मोठा माणूस खोलतो. पहिले थेंब भुईवर सोडतो, मातीत गेलेल्या आपल्या माणसांसाठी. मग जिवंतांची पाळी. बा एरवी मुकाच. पण बूच निघालं की तोही खुलायचा. त्याचं लहानपण, माझ्या गेलेल्या भावाचं नाव, सगळं त्या वासासोबत बाहेर यायचं. आमचं बापलेकाचं बोलणं झालं ते तेवढंच.

ही रीत मी पुण्यात आणली. ऑफिसच्या पहिल्याच पार्टीत कोल्ड्रिंकची बाटली खोलली आणि डोळे मिटून साहेबांच्या नव्या गालिच्यावर थेंब सोडले. साहेबांनी टिश्यू पुढे केला. "हात थरथरतात का रे?" मी हो म्हणालो. पूर्वजांपेक्षा आजार समजावणं सोपं.

वडशाहून माझ्यासारखे निघालेल्यांनो, तुम्हीही घरी हेच सांगत असाल: जरा बूड टेकू दे, मग ये. आधी खोलीत जागा नव्हती. मग फ्लॅट घेतला, तर म्हणालो, रंग ओला आहे. माय फोनवर म्हणायची, "तुया बा इचारून राह्यला, रंग वाळला काय गा?"

रंग वाळला. बा गेला. मी पोचलो तोवर माती देऊन झाली होती.

बाटली सातव्या मजल्यावर, माझ्या कपाटात आहे. बुरकुंड आकसलंय, माझ्या इस्त्रीच्या शर्टांना मोहाचा वास येतो. बायको म्हणते, "खोल तरी, नाहीतर फेक." इथं भुई कुठाय, फरशी आहे, म्हणून मी हसून टाळतो. ती तुळशीची कुंडी दाखवते.

गावाकडच्यांनो, खरं तुम्हालाच सांगतो. तिकडे तुम्ही त्याला माती दिलीत. इकडे तो अजून यायचा आहे. बूच काढलं की पहिले थेंब त्याच्या नावानं सोडावे लागतील. घर म्हणून माझ्याकडे उरलंय ते एवढंच: एक बंद बाटली, आणि ती खोलायला येणारा बा.

मी हात लावलेला नाही.