आधी आमचं दार

वादळात आमच्या अंगणातला आंबा मुळासकट उपटला. बुंधा शेजारच्या सुतारभाऊंच्या टिनाच्या छपरावर पडला आणि फांद्यांनी आमचं दार अडलं. आत आई तापानं फणफणली होती. मी खिडकीतूनच हात जोडले. "भाऊ, तुमचं बहुत नुकसान झालं."

"झाड वाऱ्यानं पाडलं, तुम्ही नाई," करवत घेऊन येत ते म्हणाले. "आधी दार मोकळं करू. मायले दवाखान्यात न्या."

त्यांच्या घरात पाणी गळत होतं, तरी ते आमच्याच फांद्या कापत राहिले. दार मोकळं होताच मी आईला ऑटोत घालून नेलं. संध्याकाळी परतलो, तेव्हा ते आपल्या छपरावरचा बुंधा कापत होते.

"माय बरी हाय ना?" त्यांनी वरूनच विचारलं. "हो भाऊ, ताप उतरला," मी म्हणालो. मग मीही वर चढलो.