अपवाद नाही

माझे वडील श्यामसुंदर परचुरे खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं कारकून होते, पण कसबा पेठेत त्यांना नोकरीवरून कुणी ओळखत नसे. ते पेठेतल्या संगीत मंडळाच्या दारावरचे परचुरे. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी मंडळाची मैफल असे, आणि साडेपाचलाच अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दाराशी लोखंडी खुर्ची टाकून बसत. त्यांच्या डोक्यावर पाटी होती: ‘पाच वर्षांखालील मुलांना आत आणू नये.’ खाली दुसरी ओळ अण्णांनी स्वतः लाल रंगानं लिहिलेली: ‘अपवाद नाही.’

पुण्यात पाट्या लिहिणारे पुष्कळ आहेत. लिहिलेली पाटी पाळून घेणारे मी एकटे अण्णाच पाहिले. मूल कडेवर घेऊन कुणी आलं की ते उठून उभे राहत, नमस्कार करत आणि म्हणत, “मूल घरी ठेवा, नाहीतर आपणही घरीच थांबा. आमची दोन्हीला हरकत नाही.” “आमचा रडत नाही हो अजिबात,” असं कुणी म्हटलं तर म्हणत, “अजून गाणं सुरू झालेलं नाही.”

त्यांनी मलाही सोडलं नव्हतं. चार वर्षं दहा महिन्यांचा असताना मी नवा सदरा घालून आईबरोबर दारापर्यंत गेलो. अण्णांनी मला ओळख दाखवली नाही. “दोन महिने थांब. गाणं कुठे पळून जात नाही,” म्हणाले. आई मला घेऊन मुकाट्यानं घरी आली. दोन महिन्यांनी मात्र त्यांनी माझा हात धरून मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि स्वतः परत दारावर गेले. त्या दिवशी कोण गायलं ते मला आठवत नाही. अण्णांनी मला आत सोडलं, आणि ते सगळ्यांनी बघितलं, हे आठवतं.

मंडळाच्या चिटणीस वासंतीकाकू आमच्याच गल्लीतल्या. त्यांची सून हेमा बंगलोरहून सहा महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. काकूंनी स्वतः शब्द टाकला, एकाच दिवसाचा प्रश्न आहे म्हणाल्या. अण्णांनी नुसतं बोट वर केलं, पाटीकडे. हेमा परत गेली. काकू वर्षभर अण्णांशी कामापुरतंच बोलत होत्या, पण त्यांना दारावरून हलवायचं त्यांनी कधी मनात आणलं नाही. दुसरा असा माणूस मिळायचा नाही हे त्यांना ठाऊक होतं.

आता माझ्याविषयी. मी वरद, हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, राहायला बाणेरला. आई गेल्यावर अण्णा पेठेतल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहिले, कारण शनिवारी दारावर कोण बसणार? तीन वर्षांपूर्वी मला बढती मिळाली आणि मी अण्णांना समुद्रावरची सफर घडवायची ठरवली. मुंबईहून निघणारं मोठं जहाज, चार दिवस. पेठेतल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून बुकिंग केलं, त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये वासंतीकाकू आणि त्यांचे यजमानही होते. अण्णांना जहाज आवडलं. रोज सकाळी ते डेकवर फिरताना सगळ्या सूचना वाचत आणि जेवताना मला सांगत. लाइफ जॅकेट कुठे आहेत हे आमच्यापैकी त्यांना एकट्याला माहीत होतं.

माझी मुलगी तनया तेव्हा पावणेपाच वर्षांची होती. मार्चमध्ये तिला पाच पूर्ण होणार होती आणि आजोबांनी तिला वचन दिलं होतं: पाच झाली की एप्रिलच्या मैफलीला पहिल्या रांगेत. ती बोटांवर महिने मोजत असे. अण्णाही मोजत असावेत.

तिसऱ्या दिवशी जहाजावरच्या लाउंजमध्ये रात्री दहाला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. आत बार. दाराशी बोर्ड होता, रात्री दहानंतर अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. मुलांसाठी वेगळी खोली होती, पण ती दहालाच बंद होई, आणि तनया दुपारी झोपल्यामुळे टक्क जागी होती. “मी थांबतो तिच्यापाशी. तुम्ही दोघं जा,” अण्णा म्हणाले.

“अहो अण्णा, तुमच्यासाठीच तर आलोय आपण. गाणं आहे, आणि तुम्ही खोलीत बसणार?”

“बोर्ड वाचलास का?”

“सगळे आणतात हो. इथे कोण बघतंय?”

मला हे सगळं नीट लिहायचं आहे, कारण यातलं काही घाईत घडलं नाही. लिफ्टमध्ये मी तनयाला भाग्यश्रीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, शालीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि म्हणालो, “डोळे मिटून घे. आपण आत जाईपर्यंत झोपल्यासारखं करायचं. गंमत.” भाग्यश्री हसली. अण्णा लिफ्टमधले आकडे बघत राहिले. दारावरच्या मुलाला मी हळूच म्हटलं, “सो गई है,” आणि आत शिरलो. मागे गर्दी होती, त्यानं सोडलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

आत मंद दिवे, जोडपी, हातात ग्लास. आम्ही कोपऱ्यातलं टेबल पकडलं. काकू आणि त्यांचे यजमान पुढे बसले होते. गाणं सुरू झालं. तनयानं माझ्या कानात विचारलं, “बाबा, आता उघडू?” मी म्हटलं, अजून नाही. थोड्या वेळानं तिनं परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. मग भाग्यश्री तिच्यासाठी काही खायला आणायला गेली, मी तनयाला खुर्चीत ठेवलं आणि फोनवर गाण्याचं शूटिंग करू लागलो.

पुढचं सगळं मी फोनच्या पडद्यावरच पाहिलं. गायिकेनं वरचा स्वर धरला होता, आणि चौकटीत खालून तनया शिरली. ती धावत गेली ती थेट गायिकेपाशी, मधल्या टेबलाला धडकून. लाल वाइनचा ग्लास एका बाईंच्या फिकट साडीवर कलंडला. बाई ओरडल्या. स्वर तुटला. त्या बाई आणि त्यांच्या यजमानांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता, हे मागाहून कळलं. तनया भर उजेडात घाबरून उभी राहिली.

मॅनेजर आला. आवाज न चढवता त्यानं विचारलं, “ये बच्ची किसके साथ है?”

मी फोनमध्ये मान घातली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पन्नास-साठ माणसं वळून बघत होती, माझी चार वर्षांची, हो, पावणेपाच वर्षांची मुलगी एकटी उभी होती, आणि मी व्हिडिओ सेव्ह करत होतो. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. तरी मी हललो नाही.

शेजारची खुर्ची सरकली. अण्णा उठले. ते मंडळात उठत तसेच, ताठ. नमस्कार केला. “मेरे साथ है. बोर्ड मैंने नहीं पढ़ा. गलती मेरी है,” असं म्हणून ते पुढे गेले, त्या बाईंची हात जोडून माफी मागितली, साडीचं जे होईल ते भरून देतो म्हणाले आणि तनयाला उचलून दाराकडे निघाले. वाटेत काकूंचं टेबल होतं. काकू फार हळू बोलल्या, पण मला ऐकू आलं.

“काय श्यामसुंदरराव? अपवाद नाही ना?”

अण्णा थांबले. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाले आणि बाहेर गेले.

भाग्यश्रीला सगळं कळलं तेव्हा तिनं एकच विचारलं, “तू का नाही उठलास?”

“अण्णाच आधी उठले,” मी म्हटलं. तेही खोटंच. त्यांनी मला पुरेसा वेळ दिला होता.

पुण्याला आल्यावर आठवड्याच्या आत बातमी पेठभर झाली. मंडईत भाजी घेताना लोक अण्णांना विचारू लागले, “परचुरे, जहाजावर पाट्या इंग्रजीत असतात वाटतं?” अण्णा म्हणत, “हो, आणि चष्मा माझा मराठी.” जानेवारीच्या मैफलीआधी त्यांनी दाराची किल्ली आणि चार ओळींचं पत्र काकूंच्या घरी नेऊन दिलं. जो स्वतः पाटी वाचत नाही त्यानं दुसऱ्याला वाचून दाखवू नये, असं त्यात होतं. काकूंनी पत्र ठेवून घेतलं.

मी मैफलीच्या शनिवारी गेलो तेव्हा अण्णा साडेपाचला इस्त्रीचा शर्ट घालून घरात बसले होते. माझ्यानं ते बघवेना. “मी काकूंना जाऊन खरं सांगतो,” मी म्हणालो.

“काय सांगशील? मी खोटं बोललो म्हणून?”

अण्णांनी शर्टाची बाही सरळ केली.

“चुकला एवढंच लोक म्हणतायत. ते चालेल मला. तू फक्त तनयाला सांग, की तिची चूक नव्हती. तिला डोळे मिटायला आपण लावलं.”

‘आपण’ म्हणाले. लिफ्टमध्ये ते काही बोलले नव्हते म्हणून स्वतःलाही त्यात धरलं. तनयाशी बोलायचं मी मान्य केलं आणि मग राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही, मी टाळलं. मुलीला काय सांगायचं, की बाबा घाबरला?

एप्रिलमध्ये अण्णा मैफलीला यायला तयार झाले नाहीत. “वचन तिला दिलंय, ते मोडू नकोस. तू ने,” म्हणाले. मी तनयाला नवा फ्रॉक घालून नेलं. अण्णांच्या खुर्चीवर ज्ञानदेव नावाचा नवा कार्यकर्ता बसला होता. शेजारी वासंतीकाकू उभ्या होत्या. मागे रांग होती. पाटी तिथेच होती, दोन्ही ओळींची.

“वय काय हिचं?” ज्ञानदेवनं विचारलं.

“पाच पूर्ण. मार्चमध्येच झाली,” मी म्हटलं. दाखला खिशात होता.

तेवढ्यात तनयानं माझा हात सोडला, दोन्ही हात वर केले, मी तिला उचलून घेतलं, आणि तिनं माझ्या खांद्यावर मान टाकून डोळे गच्च मिटले.

“बाबा, मिटले,” ती म्हणाली. “या वेळी मी उघडणारच नाही. मग आजोबांना बाहेर जावं लागणार नाही ना?”

काकूंनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. बराच वेळ.

“अच्छा,” त्या म्हणाल्या.

रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. मी तिला म्हटलं, “उघड बाळा, आता चालतं.” तिनं मान हलवली आणि पापण्या आणखी घट्ट दाबून धरल्या.