कागदावर एकच नाव

ऑल्विन प्यू बसडेपोतून फिटर म्हणून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच शनिवारी समोरच्या डेन्झिलच्या गॅरेजात जाऊन उभा राहिला. इंग्लंडातल्या ऑस्वेस्ट्री गावच्या त्या गल्लीत गॅरेज होतं ते फक्त डेन्झिलकडं. तीस वर्षांची दोस्ती. दोघांनी मिळून गाडी बांधायचं ठरलं. सांगाडा आणि पत्रे कारखान्यातून खोक्यांत आले. इंजिन, गियर, स्टिअरिंग मात्र एका जुन्या गाडीतून काढून बसवायचं होतं. जुनी गाडी कुठली, तर ऑल्विनच्या बायकोची, ग्लेनिसची सिएरा.

"बावीस वर्षांत हिनं मला एकदाही दगा दिला नाही," किल्ली देताना ग्लेनिस म्हणाली. "तुम्हा दोघांबद्दल असं छातीठोक नाही सांगता येणार."

पुढची पाच वर्षं ऑल्विन गाडीखाली, डेन्झिल चहाच्या किटलीपाशी. कागदपत्रंही डेन्झिलकडंच, कारण फॉर्म दिसला की ऑल्विनला घाम फुटायचा. गाडी घरीच बांधली याला पुरावा लागतो, म्हणून फोटो काढायचे. ऑल्विनला स्वतःचं तोंड फोटोत बघवत नसे. "तू धर पाना, मी काढतो," म्हणायचा. डेन्झिल केस विंचरून यायचा.

एकदा चहाला सगळे बसले असताना ग्लेनिसनं अल्बम चाळला. "डेन्झिल, पाना उलटा धरलायस. आणि आमचा ऑल्विन कुठाय?"

"ही काय, माझी सावली," ऑल्विननं बोट ठेवलं. तिघंही हसले.

गाडी उभी राहिली, लाल, बुटकी, बिनछपराची. डेन्झिल सिएराचं नोंदणी-पुस्तक घेऊन ग्लेनिसकडं आला. "इथं एक सही कर. नोंदणीत जुन्या गाडीचं वय नवीला लागतं, नाहीतर नंबरप्लेट कसलीतरी भलतीच मिळते. बाकीचं मी भरतो."

"दोघांची नावं घाल रे," ऑल्विन म्हणाला.

"हे काय सांगायला हवं?"

सरकारी केंद्रात गाडीच्या तपासणीला बेलिसबाई होत्या, नाकावर चष्मा, हातात यादी. "बांधणारे कोण?"

"मी," डेन्झिल म्हणाला.

ऑल्विन पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. बाईंनी पान उलटलं. पानावर बांधणारा म्हणून डेन्झिलचं नाव, मालक म्हणूनही डेन्झिलचंच.

थोड्या वेळानं बाई चाचणी घेऊन परतल्या. "स्टिअरिंग सोडलं की आपोआप सरळ व्हायला हवं. होत नाहीये. आत्ता नीट करा, नाहीतर नापास."

डेन्झिलनं ऑल्विनकडं पाहिलं.

"नाव कुणाचं घातलंस?" ऑल्विननं हळू आवाजात विचारलं.

"जागा एकाच नावाची होती रे. शिवाय फोटोंत मीच आहे. त्यांना काय दाखवायचं, तुझी सावली?"

ऑल्विननं कोट काढला. जमिनीवर आडवा झाला, स्टिअरिंगचे दोन्ही बाजूंचे दांडे अर्धा अर्धा फेरा फिरवले आणि उठला. आपल्या हातचं काम नापास झालेलं त्याला बघवलं नसतं, एवढंच. गाडी पास झाली.

"वायरिंग देखणं केलंयत," बाई डेन्झिलला म्हणाल्या.

"हात बसलाय आता," डेन्झिल म्हणाला.

बाहेर त्यानं शेजारची सीट थोपटली. "चल, बस. असं तोंड काय करतोस लेका? गाडी आपलीच आहे."

"आपली असती तर तू मला बस म्हणाला नसतास," ऑल्विन म्हणाला आणि बसस्टॉपकडं चालू लागला.

ग्लेनिसनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सही मी केली. कोऱ्या जागेखाली. तुझा दोस्त म्हणून."

"माझाच ना," तो म्हणाला. "तुझा काय दोष?"

शनिवार आला. ऑल्विन बटाटे सोलत होता. गल्लीतून गाडीचा ओळखीचा आवाज आला, कर्रकन घासला आणि बरोबर यांच्या फाटकासमोर बंद पडला. हॉर्न वाजला.

"गियर दुसऱ्यात अडकलाय," ऑल्विन मान वर न करता म्हणाला. "दांडा डावीकडं दाबून ओढला की सुटतो."

"सांगायला जातोस?"

हॉर्न पुन्हा वाजला, या खेपेला लांबलचक. मग डेन्झिलची हाक आली, "ऑल्विन, लेका, बघतोस का जरा?"

ऑल्विनचा सुरीवरचा हात थांबला. ग्लेनिस त्या हाताकडं बघत राहिली.

"त्यानं बांधलीय," तो म्हणाला. "त्याला माहीत असेल."

त्यानं पुढचा बटाटा उचलला.