आठ एमएमची पहिली प्लेट

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी, नशिराबादच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी प्लाझ्मा कटरचं बटण दाबलं... आणि लगेच सोडलं. निळा लख्ख उजेड, हवेचा फुत्कार, आणि हातातली टॉर्च, म्हणजे ज्योत सोडणारी कटरची मूठ, पडता पडता राहिली.

वर्कशॉप माझं आणि अन्वरभाईंचं, भागीदारीत. ड्रॉइंग, मोजमाप, गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. कटिंगचं काम त्यांच्याकडे. सहा वर्षांत मी त्या मशीनला हात लावला नव्हता, कारण मला त्याची भीती वाटते. विजेची ज्योत आणि दाबाची हवा मिळून लोखंड वितळवून उडवतात, आणि उडालेलं कुठे जाऊन पडेल याचा नेम नसतो.

पण अन्वरभाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, दीड महिना त्या उजेडाकडे बघायचंसुद्धा नाही. नेमका तेव्हाच यावलजवळच्या एका शाळेच्या पाण्याच्या टाकीचा स्टँड आमच्याकडे होता. बोदवडचा वेल्डर गुरुवारी येणार, त्याआधी आठ एमएम जाडीच्या सोळा प्लेटा कापून हव्या होत्या. जळगावच्या कटिंगवाल्याकडे दहा दिवसांचं वेटिंग... म्हणजे राहिले मीच.

ठिणगीची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. त्या टाकीखाली पोरं पाणी प्यायला उभी राहणार. प्लेट वाकडी कापली गेली, स्टँडचा पाय नीट बसला नाही, तर... पुढचं मी मनातसुद्धा पूर्ण करत नव्हते.

मशीनवर चिकटवलेल्या तक्त्यात आठ एमएमला पन्नास अँपिअर लिहिलं होतं. मी घाबरून पस्तीसच ठेवले. कट आरपार गेलाच नाही, ठिणग्या उलट माझ्याच ग्लोव्हजवर आल्या. मग पन्नास केले. आरपार गेलं, पण कड तिरकी, आणि खाली वितळलेल्या लोखंडाचा जाड थर गोठलेला. त्याला आम्ही स्लॅग म्हणतो. साठ केले तर आणखी वाईट. हवेचा दाब पाच किलोवरून सहा केला, ज्योतच फडफडायला लागली. टॉर्चच्या तोंडाचं नोझल काढून बघितलं, त्याचं बारीक भोक जळून लांबट झालं होतं. नवीन लावलं. तासाभरात फिरवायचं एकही बटण शिल्लक राहिलं नाही, आणि चांगली कापलेली प्लेट मात्र एकही नव्हती.

आणि मग जळका वास आला.

गुडघ्याखाली घ्यायला आणलेलं गोणपाट मी मागे टाकून दिलं होतं. ते पेटलं होतं. तिथून तीन फुटांवर थिनरचा डबा... मला तो दिसत होता, पण पाय हलत नव्हते. 

बाहेर बाकावर काळा चष्मा लावून बसलेल्या अन्वरभाईंना वास गेला असणार. ते वाळूची बादली घेऊन आत आले, ती गोणपाटावर ओतली, डबा उचलून बाहेर नेऊन ठेवला. 

मी ग्लोव्हज काढून ठेवले आणि म्हटलं, "अन्वरभाई, माझ्याच्याने नाही होणार. शाळेला फोन करून सांगते."

ते म्हणाले, "भाभी, मी पण घाबरतो. तीस वर्षं झाली, रोज घाबरतो. म्हणून तर आधी जमीन झाडतो, मग मशीन लावतो. तुम्ही घाबरल्या, पण झाडू नाही मारला."

मग मी झाडू मारला. कोपऱ्यातलं सगळं बाहेर काढलं. त्यांनी हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या तळाचा कॉक उघडला, तर भसकन पाणी आलं. हवेत पाणी असलं की ज्योत फडफडते, हे मला तेव्हा कळलं. हवा पाच किलो, अँपिअर पन्नास... तक्त्यात होतं तेच.

अन्वरभाईंनी स्टूल घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून, डोक्यावरून रुमाल ओढून बसले. "मी बघणार नाही. आवाज ऐकतो. लावा."

मी बटण दाबलं.

"टॉर्च वर उचलली तुम्ही. आवाज पोकळ येतोय. खाली घ्या." घेतली. "आता हात धिमा चाललाय. पुढे चला... आणखी."

तेव्हा लक्षात आलं. तासभर मी मशीनवर राग काढत होते, पण भीतीने टॉर्च लांब मीच धरत होते आणि चुकू नये म्हणून मुंगीच्या पावलाने मीच जात होते. लोखंड उडून जायच्या ऐवजी तिथेच साचून गोठत होतं.

हात पुढे नेला.  आवाज एकसारखा झाला, नवं कापड सरळ फाडावं तसा. ठिणग्या खाली जायला लागल्या आणि तुकडा ठण्णकन जमिनीवर पडला. खाली थोडासा स्लॅग होता, हातोडीच्या एका टिचकीत निघाला.

प्लेट गार झाल्यावर अन्वरभाईंनी कडेवरून अंगठा फिरवला. "चालेल," म्हणाले. बस, एवढंच.

बुधवारी संध्याकाळपर्यंत सोळा झाल्या. दोन काटकोन तपासायच्या गुण्यात बसल्या नाहीत, त्या फेकून पुन्हा कापल्या. प्रत्येक कटाआधी भीती वाटत होतीच, आजही वाटते.

परवा शाळेत टाकी पहिल्यांदा भरली. सगळे वर बघत होते... मी वाकून पायाच्या प्लेटांकडे. पाणी चढत गेलं, पाईप गुरगुरला, स्टँड जागचा हलला नाही. मुली बाटल्या घेऊन रांगेत आल्या. मीही जाऊन टाकीच्या बरोबर खाली उभी राहिले आणि पाणी प्यायले.

अन्वरभाई, डोळ्यांना त्रास देऊ नका. ही पोस्ट तुमची लेक वाचून दाखवेल. त्या दिवशी तुम्ही मला हसला नाहीत... शुक्रिया.