दोन वायरींचा सर्व्हर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला पाहिजे होतं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही उद्या चाकूरच्या स्टँडवर भेटून माझ्या तोंडाकडे बघणार नाही, म्हणून असेल. भित्रा माणूस अशीच जागा धुंडाळतो. असो.

केरबामामांपासून सुरू करतो. ते माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या नांदेडच्या ऑफिसात साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मूळचे शिरूर अनंतपाळचे. जमिनीखालून फायबर टाकायची, तुटली की जोड मारायचा, हे त्यांचं काम. मी नेटवर्क इंजिनियर, सव्वीस वर्षांचा, डिग्रीचा लई माज असलेला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो उतरवला. मी नकाशा घेऊन जोड शोधत होतो, सापडेना. मामा लिंबाच्या झाडाला पाठ लावून उभे राहिले, बारा पावलं चालले आणि म्हणाले, "इथं खांद." निघाला की हो तिथंच!

नांदेड ते लातूर, कुठला जोड कुठं पुरलाय, कुठल्या पुलाच्या अलीकडं, कुणाच्या बांधाला लागून — सगळं त्यांच्या डोक्यात. कागद नाही, वही नाही. साहेब नवीन नकाशा करायचे आणि मामांना चुका काढायला द्यायचे. त्यांना अभिमान होता त्याचा, आणि का नसावा? दहावी नापास माणूस, पण सगळी लाईन तोंडपाठ. "तुमचं मशीन बंद पडतंय रे दत्ता, माझं डोस्कं न्हाई," असं म्हणून हसायचे.

दुपारी ते डबा उघडायचे. मामींच्या हातची भाकरी, येसराची आमटी, शेंगाची चटणी. मी मेसवर जेवणारा, म्हणून मामी न सांगता दोन भाकरी जास्त घालायच्या. मामांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी अख्खा लातूर जिल्हा फिरलो. कुठंतरी टपरीवर थांबायचं, चहा मारायचा, आणि ते मला विचारायचे — तू त्या खोलीत बसून नेमकं काय करतोस, सांग बघू. मी सांगायचो. लिफाफ्यात लिफाफा घालायचो, मामा. आतल्या लिफाफ्यावर खरा पत्ता, बाहेरच्यावर नुसतं कुठल्या खोक्यापर्यंत न्यायचं ते. खाली तुमची खरी वायर, तिच्यावर आमचं मनातलं जाळं. त्यांना ते पटकन कळायचं. इंजिनियरिंगच्या पोरांना लागतो तेवढाही वेळ लागायचा नाही.

आता कामाचं सांगतो. एक रक्त तपासणारी लॅब होती आमची गिऱ्हाईक. मोठा सर्व्हर लातूरला तळघरात. इस्लापूरपासून उदगीरपर्यंत छोटी छोटी सेंटरं. रिपोर्ट लातूरहून सेंटरवर जायचे. सर्व्हर बंद पडू नये म्हणून त्याला दोन वायरी लावायच्या होत्या, दोन वेगवेगळ्या खोक्यांना, म्हणजे आमच्या स्विचांना. दोन दारांचं घर समजा. एका दाराचा रस्ता खणला तरी माणूस दुसऱ्या दारानं आत जातो, तसं. वायरी मामांनी टाकल्या. दोन्ही अगदी पक्क्या.

घोळ माझ्या बाजूला झाला. सेंटरवरच्या मशीनांना तोच एक सर्व्हर कधी या खोक्यामागं दिसायचा, कधी त्या. पत्ता उड्या मारायला लागला, मशीनं गोंधळली, रिपोर्ट अडकायला लागले. ह्याचा नीट इलाज असतो — दोन्ही खोकी मिळून एकाच घराची दारं आहेत, हे सगळ्या जाळ्याला शिकवायचं. दोन दिवसांचं काम. मी काय केलं? प्रत्येक सेंटरवर हातानं एकेक ओळ लिहून टाकली: सर्व्हरकडं जायचं तर पहिल्याच खोक्याकडून जा. गोंधळ थांबला. साहेब खूश. तात्पुरतं आहे, पुढच्या आठवड्यात काढू, असं मी स्वतःला सांगितलं. तुम्हीही असं कधी सांगितलं असेल स्वतःला.

पण मामांची एक पद्धत होती. दुसरी वायर जोडली की ते पहिली उपटायचे. खरोखरची, हातानं. "दिव्यावर इश्वास ठिवू न्हाई," म्हणायचे; वायर जोडली की खोक्यावर लागतो तो दिवा. वायर उपटून नांदेडला फोन लावायचा; नांदेडच्या माणसानं पडद्यावर बघायचं, आकडे पळतात का थांबले. पळत असले तर दुसरी वायर खरी, पहिली परत लावायची. मग नांदेडवाल्यानं फॉर्मवर सही करायची. ऑफिसात सगळे ह्या प्रकाराला हसायचे, पण करायचे सगळेच.

माझ्या ओळी लिहून झाल्यावर मामांनी ही तपासणी केली, त्या दिवशी मी नांदेडला होतो. तीनची गाडी धरायची होती — उदगीरला मुलगी बघायला जायचं होतं, वडील स्टँडवर उभे. (तीच मुलगी आज माझी बायको आहे. तिला वाटतं मी त्या दिवशी लाजून गप्प होतो.) मी संगणक बंद केला होता. बॅग खांद्यावर. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तळघरात मोबाईलला रेंज नव्हती म्हणून मामा लॅबच्या फोनवरून बोलत होते. "दत्ता, पैली उपटलीय बघ. आकडे पळायलेत का?"

पडदा काळा होता माझ्यासमोर.

मी म्हणालो, "पळायलेत मामा, एकदम फस्क्लास."

एवढंच. फॉर्मवर सही करायची राहून गेली, मी पळालो. बघितलं असतं तर काय दिसलं असतं? आकडे थांबलेले दिसले असते. माझी ओळ सगळ्या लिफाफ्यांना उपटलेल्या दाराकडंच पाठवत होती. पाच मिनिटांत मला माझी चूक कळली असती, मामांनी दोन शिव्या घातल्या असत्या, संपलं असतं.

तरी ही माझी कबुली नाही. हा आळस झाला, आणि आळस कुणाच्या अंगात नसतो? पुढं येतो.

चार-पाच महिने गेले. एका सकाळी लातूरजवळ रस्त्याच्या कामावरच्या मशीननं पहिल्या खोक्याची फायबर तोडली. सगळी सेंटरं ठप्प! इस्लापूरला लोक पहाटेच्या गाडीनं येऊन बसलेले, काहींना रिपोर्ट घेऊन पुढं किनवटला डॉक्टरकडं जायचं होतं. साहेबांचा फोन थांबेना. मामा लातूरलाच होते, ते तळघरात उतरले आणि म्हणाले दुसरी वायर चालू आहे, दिवा आहे. मी नांदेडला पडद्यासमोर बसलो आणि चहा गार व्हायच्या आत मला सगळं कळलं. माझी ओळ! ती काढलीच नव्हती मी.

काढायला किती वेळ? मिनिटभर. पण मी बसून राहिलो. काढली आणि सगळं चालू झालं, तर साहेब विचारणार — काय केलंस? मग काय सांगू? लोक तिकडं बाकड्यावर बसलेले, आणि मी इथं माझी कातडी कशी वाचवायची त्याचा विचार करायलो होतो.

मग मी लॅबच्या फोनवर मामांना म्हणालो, "मामा, दुसरी वायर जरा काढून परत घाला बरं. ढिली असंल."

"ढिली कशी असंल रे? म्या लावलीय."

"घाला तर खरं."

त्यांनी काढली, परत घातली. आणि नेमकं त्याच वेळी मी माझ्या ओळी पुसल्या. रिपोर्ट धडाधड निघाले. तळघरात लॅबचे मॅनेजर उभे होते, त्यांनी डोळ्यांनी बघितलं — मामांनी वायर दाबली आणि सगळं चालू झालं. मामांनीही बघितलं. मला फोनमधून त्यांचा आवाज आला, "आं? असं कसं?"

कळलं का तुम्हाला? मी नुसता लपलो नाही. मी त्या माणसाच्या हातून त्याचाच गुन्हा घडवून दाखवला, त्याच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर.

दोन दिवसांनी साहेबांनी आम्हाला समोरासमोर बसवलं. फॉर्म टेबलावर, सहीची जागा कोरी. मामा ताठ बसले होते. म्हणाले, म्या पैली उपटली होती, फोन लावला होता, दत्ता म्हणला आकडे पळायलेत. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मामांनीही बघितलं — निवांत, कारण त्यांना खात्री होती मी काय बोलणार त्याची.

मी म्हणालो, "नाही साहेब. असा फोन आला नव्हता."

मामा चिडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कपाळावर हात ठेवून बसले आणि आठवायला लागले. अगदी मन लावून. माझ्यासमोर तो माणूस आपलं डोकं उकरून बघत होता, तो फोन आत आहे का नाही. शेवटी हळूच म्हणाले, "असंल बी साहेब. दुसऱ्या कामाचं ह्या कामात घातलं असंल म्या."

त्यानंतर त्यांना लाईनवरून काढून स्टोअरला बसवलं. कामावरून काढलं नाही हो, साहेब दयाळू होते. पण मी रोज बघायचो. मामांनी खिशात वही ठेवायला सुरुवात केली. नकाशातली चूक कुणी विचारली तर म्हणायचे, खांदून बघा, माझ्या भरवशावर राहू नगा. डबा तसाच मला द्यायचे. आणि मी खायचो! कसा गिळत होतो कुणास ठाऊक. वर्षभरात नोकरी सोडून ते शिरूरला निघून गेले. मला बढती मिळाली, मग दुसरी नोकरी. आज घरी बसून मोठमोठ्या कंपन्यांची जाळी सांभाळतो. दोन वायरींचे सर्व्हर कसे जोडायचे ते पोरांना शिकवतो सुद्धा. चांगलं शिकवतो, असं म्हणतात.

आता खरं सांगतो. इथवर आलो ते ह्याच्यासाठी.

गेल्या दिवाळीनंतर मी शिरूरला गेलो. मामी सांगायला लागल्या. ह्यांचं काही खरं नाही आता, कुलूप लावलं का म्हणून अर्ध्या वाटेतून परत येतात, भावकीत कुणाशी काय बोलले ते मलाच विचारतात. लातूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, म्हणाले काहीच बिघाड नाही. "नांदेडला होते तवर कसं लख्ख होतं ओ डोस्कं," म्हणून त्या चहा करायला आत गेल्या.

आम्ही दोघंच राहिलो. मामा माझ्याजवळ सरकले, आतला कानोसा घेतला, आणि म्हणाले, "दत्ता, एक इचारू? खरं सांग. आता नोकरी न्हाई, साहेब न्हाई, कुणाचं काय जायचं न्हाई. म्या फोन केलता का न्हाई त्या दिशी?"

हातात आलं होतं सगळं. हो म्हणायचं होतं फक्त. ते मला मारणार नव्हते, कुणाला सांगणार नव्हते. त्यांना त्यांचं डोकं परत पाहिजे होतं, एवढंच.

मी म्हणालो, "नाही मामा. नव्हता केला."

त्यांनी मान हलवली. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी — माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या माणसानं — माझ्यापुढं हात जोडले. म्हणाले, "इतकी वर्षं मला मनात वाटायचं, तूच खोटं बोललास. म्या तुझ्यासारख्या पोरावर सौंशय घेतला रे. माफ कर मला."

आणि मी त्यांचे हात धरून म्हणालो, जाऊ द्या मामा, केलं माफ.