माणसं बरी वाटली नाहीत

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही — भावाच्या नाही, भावजयीच्या तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही.

माझा भाऊ नेसरीला शेती करतो. त्याची थोरली, अनुजा, बारावीला माझ्याकडं कोल्हापुरात होती. मी इथं शाळेत शिकवते, त्यामुळं घरात शहाणी मीच. पोरीनं पुण्याजवळच्या एका कॉलेजला अर्ज केला. तिथं जीवशास्त्र आणि इतिहास एकदम शिकता येतो, मुलं आणि प्राध्यापक एकाच आवारात राहतात — असलं काही आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसुद्धा. भाऊ गोंधळला. म्हणाला, "आक्का, मला त्यातलं काय कळत न्हाय. तू जाऊन बघून ये. तू म्हणशील ते शेवटचं."

स्थळ बघायला जावं तशी मी गेले. खोट काढायच्या तयारीनंच — खोल्या बघितल्या, संडास बघितले, जेवण चाखलं. काय सापडलं सांगू? काही नाही. मेसमध्ये एक मुलगी ताट हातात घेऊन सरांशी वाद घालत होती, आणि सर खुर्ची सरकवून म्हणाले, बस आणि नीट पटवून दे. वर खोलीत दुसरी एक तापानं पडलेली, तर तिच्याजवळ तिघी जणी मऊ भात घेऊन बसल्या होत्या. मला कुणी ओळखत नव्हतं, तरी पोरींनी हाताला धरून जेवायला बसवलं. काय शिकवता, कसं शिकवता, विचारत राहिल्या. एवढं मला माझ्या शाळेत कधी कुणी विचारलं नाही.

आनंद व्हायला हवा होता ना? परतीच्या एसटीत माझं डोकं नुसतं भणाणलं होतं. मलाही इतिहास शिकायचा होता. बारावी झाल्या झाल्या आमच्या वडिलांनी, आबांनी, डी.एड.ला घातलं, मी मुकाट गेले. मग हिलाच का मिळावं — असं मी मनात म्हणाले, अगदी याच शब्दांत. पोरगी गेली की घर खायला उठेल, म्हणून केलं असं सांगितलं तर बरं दिसेल. पण ते खोटं आहे. मला हेवा वाटला. जिच्या वेण्या मी घालून दिल्या, त्या पोरीचा.

भाऊ-भावजय नेसरीहून आले होते, घरी सगळे वाट बघत होते. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "माणसं बरी वाटली नाहीत."

आमच्याकडं स्थळ नाकारायला एवढं पुरतं. त्यावर पुढं कुणी विचारत नाही, रीतच तशी. आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. ते वाक्य मी कराड यायच्या आत ठरवून टाकलं होतं.

अनुजानंही विचारलं नाही. "आत्ती बघून आलीया न्हवं, मग झालं की," एवढंच म्हणाली. जागा नको असल्याचं पत्र तिनंच लिहिलं आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडं दिलं. मी तपासलं. एक स्वल्पविराम घातला.

आता ती इथंच बी.एस्सी. करून एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. परवा शेजारणीच्या मुलीला सांगत होती — कॉलेज निवडायचं तर आधी घरातलं जाणतं माणूस पाठव, माझी आत्ती गेली म्हणून मी वाचले. मी तिथंच मेथी निवडत बसले होते. मान वर केली नाही.