न काढलेला केस पेपर

२०२३ साल. मी सत्त्याहत्तरचा. माझी लेक अर्थशास्त्राची प्रोफेसर, सरकार तिला कमिट्यांवर बोलावतं. मी चौथी शिकलेला, पण लालबागच्या आमच्या चाळीत तिच्याबद्दल छाती काढून बोलायचो. तिच्याच कमिटीने आमचा पालिकेचा दवाखाना बंद करायची शिफारस केली. माझ्या बायकोला दमा. तीन जिने उतरून ती जेमतेम तिथवरच पोचते.

मी लेकीला घरी बोलावून जाब विचारला.

"तिथे पेशंटच येत नाहीत, बाबा. आम्ही वर्षभराचे केस पेपर तपासलेत."

"अगं, केस पेपर काढतो कोण? कंपाउंडर आपला ओळखीचा, मागच्या दाराने औषध देतो. रांगेत उभं राहायला आम्ही काय भिकारी आहोत?"

"हाच तुमचा ताठा, बाबा! म्हणजे आमच्या आकड्यात आई नव्हतीच." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "रिपोर्ट गेलाय. आता माझ्या हातात काही नाही."

आतून हिची धाप ऐकू येत होती. चूक माझी होती, पण तोंडातून ते निघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो आणि हिच्या नावाचा केस पेपर काढला.